सदतिसावी जागती

सरकारी छापखान्याच्या तपासणी विभागात टपालाची तिकिटं उलटी धरून पाहायची पद्धत होती. ती कोणी पाडली ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं जाई. तिकिटांचा ताव टेबलावर डोकं खाली, पाय वर असा ठेवायचा. सुलट ठेवला की डोळा चित्र बघत बसतो. उलटा ठेवला की चित्र विरघळतं, नुसत्या रेघा उरतात, आणि कुठली रेघ तुटली, कुठे शाईचा ठिपका पडला, एवढंच दिसतं. चेहऱ्याशी ओळख झाली की माणूस दोष बघायचं सोडून देतो, असं साहेब म्हणत, आणि लग्न करताना मात्र कोणी हे सांगत नाही, अशी पुस्ती जोडत.

विभागातल्या सहा बायकांपैकी एकीला सगळे घार म्हणत. साहेबसुद्धा. एकोणीस वर्षांत तिने तपासून पुढे सोडलेल्या तावात कोणाला दोष सापडला नव्हता. केसाच्या चौथ्या हिश्शाएवढी तुटलेली रेघ तिला हातभर अंतरावरून दिसे. भिंग ती नंतर, खात्री करायला उचलायची. स्वभावाने अबोल. तिच्या शेजारच्या टेबलावरची बडबडी दोघींच्या वाट्याचं बोलून टाकत असल्यामुळे त्यात कोणाची गैरसोय होत नव्हती.

त्या महिन्यात जागतीचं तिकीट छापलं जात होतं. जागती ही आठशे वर्षांपूर्वीची संत. नदी समुद्राला मिळते तिथल्या चर्चच्या भिंतीला लागून एक दगडी खोली होती. तिने आत जाऊन दार चिणून घेतलं, आणि मोकळी ठेवली ती फक्त एक खिडकी, समुद्राकडची. त्या खिडकीत दिवा ठेवून ती बसली. पाण्यावर एक जरी होडी असेल तोवर पापणी मिटायची नाही, असं तिचं व्रत होतं. आणि पाण्यावर एकही होडी नाही असा दिवस कधी उगवलाच नाही. बत्तीस वर्षं ती अशी डोळ्यात तेल घालून बसली. तिकिटासोबत छापलेल्या पत्रकात एवढंच होतं. तिकिटावर खिडकी होती, दिवा होता, आणि दिव्यामागे एक चेहरा. रंग निळा, संध्याकाळ पूर्ण विझायच्या आधीचा. एका तावावर दहा-दहाच्या पाच ओळी. म्हणजे पन्नास खिडक्या, पन्नास दिवे.

घारीने अकरा दिवसांत असे कित्येक ताव सोडले होते. डोकं खाली, पाय वर.

अकराव्या दिवशी संध्याकाळी आईने विचारलं, "दिसायला कशी आहे गं ती?"

आई जन्मभर शिवणकाम करायची. आता तिला मधलं काही दिसत नसे. नजर जिथे लावावी तिथे धुक्याचा गोळा, आणि जग फक्त कडेकडेने. लेकीकडे बघायचं तर ती कपाटाकडे तोंड करून बसायची, म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यात लेक थोडीफार सापडे. घार तिच्यासमोर चहाचा कप ठेवत होती. ती सांगायला गेली आणि थांबली. दिव्याच्या ज्योतीला सात रेघा आहेत हे तिला माहीत होतं. खिडकीच्या चौकटीत उजवीकडे दगडाचा एक टवका उडालेला आहे, हेही. पण चेहरा? तो तिने सुलट असा पाहिलाच नव्हता.

"बघून सांगते," ती म्हणाली.

"अकरा दिवस काय पाहिलंस मग?" आई कपाटाला म्हणाली. "काखेत कळसा नि गावाला वळसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला ताव टेबलावर आला तेव्हा घारीने तो फिरवून सुलट ठेवला. आपण कोणाच्या तरी घरात न विचारता शिरतोय, असं तिला क्षणभर वाटलं. रेघा एकमेकींना बिलगल्या आणि पन्नास बायका खिडक्यांमधून तिच्याकडे बघू लागल्या. चेहरा तरुण नव्हता, म्हातारा नव्हता. गालाची हाडं वर आलेली, ओठ किंचित उघडे, जणू होड्या मोजता मोजता आकडा तोंडातच राहिला होता. ती ओळीने बघत गेली. चौथ्या ओळीत सातव्या खिडकीपाशी तिची नजर अडली.

ती एक झोपली होती.

बाकी सगळं तेच. दिवा, ज्योतीच्या सात रेघा, टवका. फक्त पापण्या मिटलेल्या. इतक्या दिवसांनी अंग टेकायला मिळालेल्या माणसाच्या मिटतात तशा, जड आणि पूर्ण.

घारीने क्रमांक मोजला. सदतीस. छत्तीस आणि अडतीस टक्क जाग्या होत्या. तिने सवयीने ताव उलटा केला आणि भिंग लावलं. सदतिसावीचे डोळे उघडे होते. पुन्हा सुलट. मिटलेले. पुन्हा उलट. उघडे.

तिने हात मांडीवर ठेवले. शाळेत तिला विज्ञान आवडायचं, आणि त्यातलं एक तत्त्व तिच्यात रुजून राहिलं होतं. कागद फिरवल्याने शाई बदलत नाही. जे बदलतं ते शाईत नसतं, बघणाऱ्यात असतं.

आईचं असंच सुरू झालं होतं. चांगली सरळ घातलेली शिवण तिला वाकडी दिसू लागली. तिने ती उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. तिसऱ्यांदा उसवताना गिऱ्हाइकीण म्हणाली, अहो, सरळच आहे की. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तेव्हा लेकीलाही सांगितलं होतं, हे कधी कधी घराण्यात उतरतं, तुम्हीही दरवर्षी तपासून घ्या. पहिली दोन वर्षं ती गेली. मग तीन वर्षं गेली नाही. काही निघालं तर ते विभागात कळवावं लागलं असतं, आणि डोळ्यात दोष असलेलं माणूस तपासणीच्या टेबलावर बसू शकत नव्हतं. तिला दुसऱ्या कामाला लावलं असतं, गठ्ठे बांधायला किंवा नोंदी करायला. पोट भरलंच असतं. पण तिला घार कोणी म्हटलं नसतं, आणि त्या नावाखाली नेमकं कोण राहतं हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

तिने तो ताव बडबडीपुढे सरकवला. काय शोधायचं ते मुद्दाम सांगितलं नाही. सांगून दाखवलं की कोणालाही दिसतं.

"जरा बघतेस?"

बडबडीने ताव हातात घेतला, सवयीने उलटा केला, ओळीवरून ओळ डोळे फिरवले. बोलणं अर्थात चालूच होतं, तिच्या नणंदेने आणलेल्या पडद्यांबद्दल. शेवटी ताव परत देत म्हणाली, "लोण्यासारखा आहे. का गं? घारीला कावळीची साक्ष कशाला लागली?"

घार हसली. त्या दिवशी सदतिसावी प्रत्येक तावात झोपलेली होती. उलटी केली की जागी. एकदा घारीला वाटलं, ती आपली वाटच बघते आहे. आपण फिरवायला हात लावला की लगबगीने डोळे उघडते, पर्यवेक्षक आल्यावर सावरून बसणाऱ्या कारकुनासारखी. साहेबांना तिने काही सांगितलं नाही. तिने ते सगळे ताव सोडले नाहीत आणि नाकारलेही नाहीत. शाई ओली वाटतेय असं सांगून बाजूला रचून ठेवले. एकोणीस वर्षांतलं तिचं ते पहिलं खोटं.

घरी ती डोळे मिटून चालायला शिकू लागली. आई पलंगावर पडलेली असे तेव्हा. खिडकीपासून न्हाणीघराच्या दारापर्यंत पाच पावलं. टेबलापासून चुलीपर्यंत तीन आणि एक वळण. कपाटाच्या कोपऱ्याला हात लागला की डावीकडे. ती मनातल्या मनात मोजायची आणि भिंतीवरून बोटं फिरवायची. अंधारात घर मोठं होत जाई. न्हाणीघराच्या दारापाशी पोचायच्या आत कितीतरी वेळ जातोय असं वाटे, आणि त्या वेळात तिला कधी कधी दगडाचा वास यायचा, ओल्या, समुद्राकडच्या दगडाचा. बत्तीस वर्षं एका खोलीत राहिलेल्या बाईला पावलं मोजावी लागली नसतील, असं तिच्या मनात येई. मग दार कपाळाला लागे.

पाचव्या दिवशी सकाळी तोंड धुताना तिला सुचलं. बघणाऱ्यावर विश्वास नसेल तर न बघता तपासायचं. हे इतकं साधं होतं की तिला स्वतःची लाज वाटली.

तळमजल्यावर, जाड दारामागे, सुईकाका बसत. ज्या पोलादी पत्र्यांवरून तिकिटं छापली जात त्यांची दुरुस्ती ते करत. मूळ चित्र एकदाच कोरलेलं असे. ते दाबून दाबून पत्र्यावर पन्नास वेळा उमटवायचं, आणि एखाद्या ठिकाणी फिकं उमटलं तर काका सुईसारख्या हत्याराने तिथल्या रेघा खोल करत. पत्र्यावरची रेघ म्हणजे खाच. ती बोटाला नाही, पण सुईच्या टोकाला लागते. काका निवृत्तीला आले होते. गेली काही वर्षं ते निम्मं काम डोळे मिटूनच करतात, असं सगळे चेष्टेने म्हणत, आणि काका ते नाकारत नसत.

घारीने त्यांना जागतीचा पत्रा काढायला सांगितला. "काका, चौथी ओळ बघा. एखादी वेगळी लागते का सांगा. कुठली ते मी सांगणार नाही."

"परीक्षा घेतेस होय म्हाताऱ्याची?"

"तुमची नाही."

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि पत्रा पुढ्यात ओढला. पत्र्यावर सगळं आरशातल्यासारखं उलट असतं, त्यामुळे डावीकडून सातवी तिथे उजवीकडून सातवी होती; घारीने ते मनात पक्कं केलं आणि काकांना कळू नये म्हणून खिडकीबाहेर बघू लागली. सकाळचं ऊन फरशीवर आलं होतं. काकांनी डोळे मिटले, डाव्या हाताने पत्र्याची कड चाचपली आणि उजव्या हातातली सुई इतकी हलकी टेकवली की ती पत्र्यावर आहे की हवेत, हे सांगता येऊ नये. मग ती चालू लागली. तिचा अगदी बारीक आवाज येत होता, बर्फावरून कोणी लांबवर चालत असल्यासारखा. एक चेहरा. दुसरा. तिसरा. प्रत्येक चेहऱ्यावर आवाज तोच, त्याच ठिकाणी अडखळणारा, त्याच ठिकाणी घसरणारा. घारीला वाटलं, खोलीत कोणीतरी एकच नाव पुन्हा पुन्हा पुटपुटतंय.

मग नाव चुकलं.

सुई थांबली, मागे गेली, पुन्हा आली. काकांच्या भुवया जवळ आल्या.

"इथे," ते म्हणाले. "इथे एक रेघ जास्त आहे. आणि जी हवी ती पुसट आहे."

घारीने वळून पाहिलं. उजवीकडून सातवी.

तिने खुर्ची ओढली. ती बसली आणि तिने सगळं सांगितलं. पन्नास बायका, एक झोपलेली, उलटी केल्यावर जागी होणारी. आईच्या डोळ्यांचं तर काकांना माहीतच होतं. काकांनी आता डोळे उघडून, भिंग लावून, आधी पत्रा आणि मग तिने आणलेला ताव पाहिला. फिरवून पाहिला.

शाई बदलत नव्हती, हे खरंच होतं. मिटलेल्या पापणीची खालच्या अंगाला गेलेली कमान, ताव उलटा धरला की वर येई आणि उघड्या डोळ्याची वरची कड वाटे. तिच्यावरची सावली बुबुळाच्या जागी जाई आणि भुवई खालची कड होई. रेघा त्याच, पण वरून वाचल्या तर झोप आणि खालून वाचल्या तर जाग.

"पण ही इथे आली कशी?" घारीने विचारलं.

काकांनी सुई कापडाला पुसली. तीन ठिकाणी चित्र फिकं उमटलं होतं, म्हणाले. हे त्यातलं एक. दुपारची वेळ होती, ऊन इथेच, हाताशी आलं होतं. पत्रा नेहमीसारखा उलटा ठेवलेला.

"तुम्हीही उलटाच ठेवता?"

"मग? चेहरा दिसला की हात कापतो." त्यांनी सुई पेटीत ठेवली. "मी तिचे डोळे उघडत होतो गं. वरची पापणी ठसठशीत करावी म्हणून रेघ ओढली. ती खालची निघाली. उघडायला गेलो आणि मिटवून बसलो."

म्हणजे उलटं धरून चूक झाली होती, आणि उलटं धरूनच सहा जणींनी ती पास केली होती. सगळा छापखाना डोक्यावर उभा होता, त्यामुळे पडलेलं कोणालाच दिसलं नव्हतं. घारीला हसू आलं आणि ते आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यातूनही तिला काकांच्या बाहीवरचा पोलादाचा एकेक कण वेगवेगळा दिसत होता.

"मला हे नोंदवावं लागेल, काका," ती शेवटी म्हणाली.

"नाही नोंदवलंस तर मला राग येईल. निवृत्तीला दोन महिने राहिले आहेत, ओरडून ओरडून किती ओरडतील?" मग त्यांनी पत्र्यावर हात ठेवला. "माझी आजी त्या बाजूची. ती सांगायची, जागती एकदा झोपली होती. फक्त एकदा. त्या रात्री समुद्र इतका गप्प झाला की सगळ्या होड्या आपणहून किनाऱ्याला आल्या. पत्रकात नाही ना लिहिलेलं?"

"नाही."

"नसणारच. संताची झोप कोण नोंदवतं?"

साहेबांनी ताव घेतला, उलटा धरला आणि त्यांना काहीच दिसलं नाही. ताई, तुम्ही बऱ्याच दिवसांत रजा घेतलेली नाही, अशी त्यांनी अगदी मऊ आवाजात सुरुवात केली. सगळं ठाऊक नसतं तर त्या आवाजाने घार मोडून पडली असती. तिने फक्त हात पुढे करून ताव त्यांच्या हातातच फिरवला. साहेब बोलता बोलता थांबले. त्यांनी तो दोनदा फिरवला, तीनदा फिरवला, आणि मग एखाद्याच्या खोलीत चुकून डोकावल्यासारखा पालथा ठेवला.

दोषांच्या वहीत घारीने स्वतःच्या हाताने लिहिलं: क्रमांक सदतीस, डोळे मिटलेले, फक्त सुलट धरल्यावर. विभागात उरलेल्या तावांमधून सदतिसावी काढून नष्ट करायचं ठरलं. त्या दिवसापासून प्रत्येक ताव एकदा उलटा आणि एकदा सुलट बघायचा, असा नियमही झाला; बडबडी म्हणाली, घारीमुळे आता आम्हाला एका पगारात दोन वेळा बघावं लागणार. काकांना कडक शब्दांचं एक पत्र मिळालं. ते त्यांनी हत्यारं ठेवायच्या पेटीत तळाशी अंथरलं. पहिल्या हप्त्यातले सहाशे ताव मात्र आधीच बाहेर पडले होते. ते परत बोलावणं शक्य नव्हतं.

पत्रा दुरुस्त करताना काकांनी घारीला समोर बसवलं. ते नेहमीसारखे उलट्या बाजूने, ती सुलट बाजूने, मध्ये तो लहानसा चेहरा. त्यांनी चुकीची रेघ घासून दाबून टाकली आणि वरची पापणी कोरायला घेतली. कुठे थांबायचं ते तिने सांगायचं होतं. सुई पुढे जात होती, आणि झोपलेली बाई हळूहळू, नाराजीने, कोणीतरी खांदा हलवल्यासारखी जागी होत होती. "झालं," असं म्हणायला घारीने गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ घेतला. काकांनी तिला घाई केली नाही.

शनिवारी अर्धा दिवस असे. दुपारी घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. फक्त पाच दिवसांची भीती वगळली. गालाची हाडं, किंचित उघडे ओठ, तोंडात राहिलेला आकडा. आई कपाटाकडे तोंड करून ऐकत होती.

"आणि त्या सहाशे?" तिने विचारलं.

"गेल्या. पत्रांवरून कुठे कुठे जातील."

"जाऊ दे. कोणीतरी वाचत बसेल, आणि ही आपली कोपऱ्यात झोपलेली." आईने उशी सारखी केली. "आणि आता तूही ते सोडून दे."

"काय?"

"पावलं मोजणं. पाच दिवस ऐकतेय मी. न्हाणीघरापर्यंत साडेचार आहेत. तू पाच धरतेस, म्हणून रोज दारावर आपटतेस." तिने पांघरूण ओढलं. "मला विचारायचं होतंस. या घरात आंधळेपण मला जास्त येतं."

घारीने कपाळाला हात लावला; तिथे अजून जरा दुखत होतं. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन येईन, असं ती म्हणाली, आणि म्हणताना तिच्या लक्षात आलं की आवाज नेहमीसारखाच निघाला होता.

"जा," आई म्हणाली. "मीही येते. मला तिथल्या पायऱ्या पाठ आहेत."

मग घार आईच्या शेजारी, पलंगाच्या कडेला आडवी झाली. खिडकीतून आलेला उजेड भिंतीवर चौकोन होऊन पडला होता, कागदाच्या तावावर असतो तसा, काठ स्पष्ट असलेला. तिने डोळे मिटले. अंधार झाला, पण या वेळी त्यात मोजण्यासारखं काही नव्हतं. कुठेतरी खूप लांब सहाशे खिडक्यांमध्ये सहाशे दिवे आपापले जळत होते, पाणी हलत नव्हतं, आणि होड्या वल्ह्यांवाचून किनाऱ्याकडे येत होत्या. शेजारी आईचा श्वास लांब झाला होता. शेवटची होडी लागेपर्यंत घारीचा डोळा लागला होता.